व्हॉल्व्हचं इन्फेक्शन, ओपन हार्ट आणि त्यानंतरचं आयुष्य : अनुभव हवे आहेत

गोदाकाठ

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं वाचतेय पण धागा पहिल्यांदाच काढतेय, थोडा लांबेल.

माझ्या नवऱ्याला (वय ४३) लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेलेला, त्यात मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूची झडप) थोडा खराब झालेला. कधी काही त्रास नव्हता म्हणून आम्हीही विसरूनच गेलो होतो. गेल्या पावसाळ्यात बारीक ताप सुरू झाला. जवळच्या क्लिनिकमधून गोळ्या आणल्या, ताप गेला, आठवड्याने परत आला, मग वेगळ्या गोळ्या. असं चालूच. वजन झरझर उतरलं, रात्री बनियन पिळून निघेल इतका घाम, टायफॉइड मलेरिया सगळ्या टेस्ट नॉर्मल. शेवटी एक मजला चढताना धाप लागली तेव्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) केला आणि व्हॉल्व्हवर जंतूंचा गुच्छ दिसला. मग जे काही झालं ते इतकं भराभर झालं की मला अजून सलग आठवत नाही. मेटलचा व्हॉल्व्ह बसवला आणि शिरेतून अँटिबायोटिक जवळपास दीड महिना.

आता घरी येऊन अडीच-तीन महिने झालेत. जखम छान भरलीये, इको चांगला आहे, सर्जन म्हणाले "एकदम मस्त". पण माणूस मस्त नाहीये हो. आंघोळ केली की आडवा होतो. मुलीने टीव्हीचा आवाज वाढवला की ओरडतो, मग एकटाच बसून रडतो. दिवसातून कितीदा तरी थर्मामीटर लावतो. रात्री सगळं शांत झालं की छातीतून टिकटिक ऐकू येते, त्याला तर येतेच, मलाही येते. अंधारात बाथरूमला जाताना भिंत धरून चालतो, म्हणतो जमीन हलल्यासारखी वाटते. आणि येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, आता काय नवीन व्हॉल्व्ह आहे, घोडा झाला घोडा! तो हसतो आणि पाहुणे गेले की दोन दोन तास बोलत नाही.

ज्यांच्या घरी हे होऊन गेलंय त्यांनी प्लीज सांगा, पुढे काय होतं? किती दिवसांनी माणूस स्वतःसारखा होतो? तो सातपूरला मशीन शॉपमध्ये आहे, कामावर जाता येईल का?

---

रानवाट

ताई, माझा एऑर्टिक व्हॉल्व्ह (हृदयातून बाहेर जाणाऱ्या महाधमनीची झडप) याच कारणाने बदलला, बरीच वर्षं झाली. वाचून सगळं डोळ्यासमोर आलं.

एक गोष्ट तुमच्या घरातल्या सगळ्यांना सांगा. हे बायपाससारखं ऑपरेशन नाहीये. बायपासवाला बहुतेक वेळा चालत हॉस्पिटलात जातो, आठवड्या-दीड आठवड्यात घरी येतो. आपल्याकडे ऑपरेशनच्या आधीच कित्येक आठवडे अंगात इन्फेक्शन असतं, भूक मेलेली असते, मांड्यांचं दंडांचं मांस झडून गेलेलं असतं, मग ऑपरेशन आणि त्यावर आठवडेच्या आठवडे सलाईनला बांधलेलं आयुष्य. म्हणजे कापायच्या आधीच माणूस रिकामा झालेला असतो. त्यामुळे शेजारचे काका बायपासनंतर दोन महिन्यांत सिंहगड चढले हे ऐकवणाऱ्यांना जरा लांब ठेवा.

माझं सांगतो. पहिले तीन महिने मी फक्त झोपलो, जेवलो आणि घाबरलो. चौथ्या-पाचव्या महिन्यात दुपारची झोप कमी झाली. सहा महिन्यांच्या आसपास एक दिवस भाजी घेऊन घरी आलो आणि लक्षात आलं की आपण जिन्यात थांबलोच नाही. पूर्ण "मी" व्हायला वर्ष गेलं, आणि त्यातही मध्ये मध्ये वाईट आठवडे होतेच. आता शेती बघतो, लग्नकार्यात वाढायला उभा राहतो, काही अडत नाही. कंटाळा आला, रडू आलं तर येऊ द्या त्याला. टिकटिकीची सवय होते, मला आता मुद्दाम लक्ष दिलं तरच ऐकू येते. सुरुवातीला झोपताना पंखा फुल ठेवायचो आणि उजव्या कुशीवर वळायचो, तेवढ्याने बराच फरक पडतो.

थर्मामीटरचं मात्र समजू शकतो. मला सर्दी झाली तरी वाटायचं परत आलं. मग आमच्या डॉक्टरांनी नियम घालून दिला, सकाळी एकदा संध्याकाळी एकदा मोजायचं, वहीत लिहायचं आणि थर्मामीटर बायकोकडे द्यायचा.

---

फिजिओ_अनघा

मी कार्डिअॅक रिहॅबमध्ये काम करते. अंधारात भिंत धरून चालणं वाचून लगेच लिहायला बसले. त्यांना अँटिबायोटिकमध्ये जेंटामायसिन दिलं होतं का? डिस्चार्ज कार्डवर बघा. हे औषध काही जणांच्या आतल्या कानाला इजा करतं, तोल तिथूनच सांभाळला जातो. उजेडात डोळे मदत करतात म्हणून चालता येतं, अंधारात किंवा ओबडधोबड जमिनीवर जमीन हलते. कधी कानात गुंई आवाज येतो, कमी ऐकू येतं. पेशंटला वाटतं अशक्तपणा आहे, घरच्यांना वाटतं घाबरलाय, आणि कुणी डॉक्टरांना सांगतच नाही. ईएनटीकडे जाऊन तोलाची तपासणी आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. झालेली इजा बरेचदा पूर्ण भरून येत नाही पण मान-डोळ्यांचे ठरावीक व्यायाम असतात, त्याने मेंदू दुसऱ्या मार्गाने तोल सांभाळायला शिकतो आणि चांगला फरक पडतो. तोवर रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा चालू ठेवा, बाथरूममध्ये धरायला दांडा लावून घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोक्यावर पडणं अजिबात परवडणार नाही.

बाकी, छातीचं हाड तारेने बांधलेलं असतं, ते साधारण तीन महिन्यांत जुळून येतं. तोपर्यंत पाण्याची बादली, सिलेंडर, मुलीला उचलणं नको. एका हाताने ओढणं-ढकलणं पण नको, आपल्याकडे जुनी लोखंडी गेटं असतात ती ढकलताना हमखास दुखतं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. टू-व्हीलर सर्जननी हाड तपासून हो म्हटल्यावरच, कारण खड्ड्यात हँडलचा दणका थेट छातीत जातो.

चालणं हे औषध समजा. सपाट रस्त्यावर, जेवणानंतर तास-दीड तासाने, बोलता बोलता चालता येईल एवढ्याच वेगात. आज दहा मिनिटं जमलं आणि दुसऱ्या दिवशी गळून गेले तर परत आठवर यायचं, त्यात काही बिघडत नाही.

---

कोल्हापुरी_सून

माझ्या सासूबाईंना मेटलचा व्हॉल्व्ह आहे, मी आयएनआरबद्दल (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) सांगते कारण घरच्या बाईच्या डोक्यावर शेवटी तेच बसतं.

अॅसिट्रॉम (किंवा वॉरफेरिन), म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, आयुष्यभर. रोज एकाच वेळी, आम्ही संध्याकाळी दिवा लावला की देतो म्हणजे विसरत नाही. आयएनआर किती हवा ते फाइलवर लिहून घ्या, मायट्रलला साधारण २.५ ते ३.५ सांगतात आणि एऑर्टिकला थोडा कमी, पण तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांचाच. खाली गेला तर व्हॉल्व्हवर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी डबल द्यायची नाही.

आणि पालेभाज्या बंद करू नका!! आम्हाला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं पालक मेथी शेपू सगळं बंद, सासूबाई वर्षभर दुधी आणि पडवळ खाऊन रडकुंडीला आल्या. मग आमच्या नवीन डॉक्टरांनी समजावलं की पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं ते गोळीच्या उलटं काम करतं हे खरं, पण रोज साधारण सारखीच खाल्ली तर डोस त्याप्रमाणे बसवता येतो. घोळ होतो कधी, तर महिनाभर काही नाही आणि मार्गशीर्षात एकदम आठवडाभर मेथी. आता आमच्याकडे आठवड्यातून ठरलेल्या वारी पालेभाजी असते, आयएनआर छान राहतो.

जास्त सांभाळायचं ते दुसऱ्या औषधांचं. जुलाबावरची मेट्रोनिडाझोल, काही अँटिबायोटिक, मेडिकलमधून आणलेली कंबरदुखीची गोळी, कुणीतरी प्रेमाने दिलेला काढा किंवा चूर्ण, यातल्या कशानेही आकडा हलतो नाहीतर रक्तस्राव होतो. ताप-दुखीला पॅरासिटामॉल तेवढं, तेही विचारून. नवीन काहीही सुरू झालं की तीन-चार दिवसांत आयएनआर. पाकिटात चिठ्ठी: मेटल व्हॉल्व्ह, अॅसिट्रॉम चालू, रक्तगट, घरचा नंबर.

---

निनाद_ठाणे

हल्ली अशा नवीन गोळ्या आल्यात ना ज्यात रक्त तपासावंच लागत नाही? माझ्या काकांना दिल्यात. त्या का घेत नाही?

---

स्टेथो

निनाद, तुमच्या काकांना बहुधा हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे दिल्या असतील. मेटल व्हॉल्व्हला त्या चालत नाहीत. त्यातली एक गोळी, डॅबिगॅट्रान, मेटल व्हॉल्व्हच्या पेशंटमध्ये वापरून बघण्याचा अभ्यास झाला होता, त्यात गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त म्हणून तो मध्येच थांबवावा लागला, २०१३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. कुणी केमिस्टने किंवा नातेवाइकाने बदला म्हटलं तरी बदलू नका.

गोदाकाठ, मी फिजिशियन आहे. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला ताप आणि गोळ्यांची वाटली आणि ती पुढच्या आयुष्यालाही लागू आहे. तुमच्या यजमानांना आता कायम दोन कारणांनी जास्त धोका आहे, कृत्रिम व्हॉल्व्ह आणि एकदा होऊन गेलेलं इन्फेक्शन. त्यामुळे ताप आला तर आधी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी), मग अँटिबायोटिक. हा क्रम कधीही उलटा होऊ द्यायचा नाही. वेगवेगळ्या जागी सुई टोचून दोन-तीन वेळा रक्त घेतात. आधी गोळ्या पोटात गेल्या तर ताप दबतो, जंतू व्हॉल्व्हवर तसाच राहतो आणि कल्चरमध्ये काही उगवत नाही, मग कोणतं औषध द्यायचं हे अंदाजाने ठरवावं लागतं. क्लिनिकमध्ये गेलात की पहिलं वाक्य हेच, "मेटल व्हॉल्व्ह आहे, एंडोकार्डायटिस होऊन गेलाय" (व्हॉल्व्हच्या या इन्फेक्शनचं नाव). डॉक्टर गर्दीत असले तरी हे ऐकून थांबतात.

सर्दी-खोकल्याच्या एका दिवसाच्या तापाने घाबरायचं नाही. पण दोन दिवसांहून जास्त टिकलेला किंवा सर्दी-खोकला काही नसताना आलेला ताप, थंडी वाजणं, रात्रीचा घाम, कारण नसताना वजन उतरणं, नव्याने धाप, पायावर सूज, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हात-पाय लुळा पडणं किंवा टिकटिक अचानक बारीक, दबलेली वाटणं असेल तर फोन-बिन करत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी. काळी शी, न थांबणारं नाकातलं रक्त, डोक्याला मार यालाही तेच.

पहिलं वर्ष जास्त काळजीचं. तोच जंतू उलटला तर बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांत उलटतो, म्हणून त्या काळात इको आणि रक्ताच्या तपासण्या ठरलेल्या तारखेला करा, बरं वाटतंय म्हणून पुढे ढकलू नका. आणि एक सुटून जाणारी गोष्ट, लहानपणी सांध्यांचा ताप होता म्हणजे दर तीन आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन व्हॉल्व्ह बदलल्यावरही चालू ठेवावं लागू शकतं. वय आणि बाकी परिस्थिती बघून हृदयाचे डॉक्टर ठरवतील, तुम्ही आठवणीने विचारा.

चिडचिड आणि रडण्याबद्दल. हृदयाच्या मोठ्या ऑपरेशननंतर उदास वाटणं, भयानक स्वप्नं पडणं, नाव न आठवणं, हिशेब चुकणं हे खूप जणांना होतं आणि बरंचसं काही महिन्यांत ओसरतं. पण तीन महिने होत आले आणि माणूस रोज रडतोय तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो म्हणून त्यांना अॅसिट्रॉमचं आधी सांगा, ते तशी गोळी निवडतात.

---

दातांची_ताई

मी डेंटिस्ट, पुण्यात. दातांचं कुणी बोललंच नाही!

हिरड्यांतून रक्त येत असेल तर तोंडातले जंतू रोज ब्रश करताना, चावतानासुद्धा रक्तात जातात. निरोगी माणसाला काही होत नाही, कृत्रिम व्हॉल्व्हवर ते चिकटून बसू शकतात. म्हणून दिवसातून दोनदा मऊ ब्रश, दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि मशेरी, तंबाखू, सुपारी पूर्ण बंद. टाचणीने किंवा काडीने दात कोरणंही बंद.

दात काढणं, रूट कॅनाल, हिरड्यांखालचं क्लीनिंग अशा कामाआधी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम एकदाच, पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर दुसरं औषध देतात. एकच डोस असतो, पाच दिवसांचा कोर्स नाही. दात काढायचाय म्हणून स्वतःच अॅसिट्रॉम बंद करू नका, ताजा आयएनआर घेऊन या, साधा दात बहुतेक वेळा गोळी चालू ठेवून काढता येतो. माझ्याकडे येणारे कित्येक पेशंट व्हॉल्व्हचं सांगतच नाहीत, "दाताचा आणि हृदयाचा काय संबंध" म्हणून. कळकळीने सांगते, सांगा.

---

अबोली_लीड्स

दातांची ताई, इथे यूकेत २००८ पासून नाइसच्या (उपचारांचे नियम ठरवणारी इथली सरकारी संस्था) गाइडलाइनने दातांच्या कामाआधीचं अँटिबायोटिक बंदच केलं होतं, २०१६ मध्ये "सरसकट देऊ नये" असा शब्द घातला गेला. त्यामुळे माझ्या आईसाठी (ती माझ्याकडे असते, टिश्यू व्हॉल्व्ह, म्हणजे मेटलऐवजी प्राण्याच्या ऊतीचा) डेंटिस्टने आधी नाही म्हटलं, मग मी कार्डिओलॉजिस्टचं पत्र नेऊन दाखवलं आणि मिळालं. परदेशात आई-वडिलांना नेणाऱ्यांनी असं पत्र जवळ ठेवाच.

---

मोगरा२७

मी नाव बदलून लिहितेय. वय २७, दोन वर्षांपूर्वी असंच इन्फेक्शन होऊन मेटल व्हॉल्व्ह बसला. तब्येत चांगली आहे, नोकरी करते, ट्रेनने जाते. पण स्थळं येतात, छातीवरच्या व्रणाचं सांगितलं की फोन येत नाही. आई म्हणते सांगूच नको, मला ते पटत नाही. आणि पाळीत इतकं जातं की दोन दिवस उभं राहवत नाही. मूल होईल का हा प्रश्न विचारायलाही कुणी नाही.

---

रानवाट

मोगरा, सांगायचंच. तुझं बरोबर आहे. उद्या तुला ताप आला तर शेजारच्या माणसाला माहीत असायलाच हवं.

---

स्टेथो

मोगरा, पाळीतलं जास्त जाणं गोळीमुळे होतं आणि त्यावर उपाय आहेत, सहन करत बसू नका. हिमोग्लोबिन बघा, स्त्रीरोगतज्ज्ञांना गोळीचं सांगून दाखवा.

मुलाबद्दल खरं ते सांगतो. मेटल व्हॉल्व्ह असताना गरोदरपण जोखमीचं असतं, गुठळीचाही धोका आणि गोळीचा बाळावर परिणाम, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. काही जणींना त्या काळात रक्त पातळ करणाऱ्या हेपरिनच्या इंजेक्शनवर नेतात, डोस अगदी कमी असेल तर काही डॉक्टर गोळीच चालू ठेवतात. अशा बायकांना मुलं झालेली आहेत, पण मोठ्या हॉस्पिटलात, हृदयाचे आणि बाळंतपणाचे डॉक्टर मिळून बघत असताना. दिवस राहायच्या आधी भेटा, पाळी चुकल्यावर नाही, आणि गोळी स्वतःहून कधीच थांबवू नका. लग्न ठरलं तर दोघांनी मिळून जा.

---

अबोली_लीड्स

मोगरा, तुला विपू (विचारपूस) केलीये. बोलू या.

---

तळकोकण

खर्चाचं कुणी विचारलं नाही तरी लिहितो, कुणाच्या उपयोगी पडेल. माझ्या भावाचं ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झालं, व्हॉल्व्ह बदलणं त्यात बसतं. रेशन कार्ड आणि आधार तयार ठेवा, हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) पहिल्याच दिवशी गाठा. भावाला चित्रा व्हॉल्व्ह बसवलाय. लोक म्हणतात देशी आहे, चालेल का. अहो तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तो बनवला, १९९० साली पहिल्यांदा माणसात बसवला आणि तेव्हापासून देशभर हजारो लोकांत चालतोय. भाऊ होडीवर जातो. फक्त जाळ्याने हात कापला की लगेच धुऊन मलमपट्टी, आधी असंच सोडून द्यायचा. वहिनी त्या बाबतीत फार कडक आहे आणि असायलाच हवी.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे किती आभार मानू. फिजिओ ताई, डिस्चार्ज कार्ड काढलं, जेंटामायसिन आहे. ईएनटीची अपॉइंटमेंट घेतलीये. त्याला हे वाचून दाखवलं तर म्हणाला "म्हणजे मी घाबरट नाही", आणि किती दिवसांनी नीट जेवला. पॅसेजमध्ये दिवा लावलाय. मानसोपचारतज्ज्ञांना आधी नाही म्हणत होता, रानवाट दादांचं वाचून तयार झालाय. पेनिसिलिनच्या इंजेक्शनबद्दल आम्हाला खरंच कुणी बोललं नव्हतं, पुढच्या व्हिजिटला विचारणार.

तो शेजारीच बसलाय, म्हणतोय कामाचं विचार. सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) आहे, तीन पाळ्या असतात. पगाराशिवाय फार दिवस काढता येणार नाहीत, आणि सुपरवायझर म्हणतात यायचं तर पूर्ण काम करायला या.

---

अंबड_एचआर

मी अशाच एका कंपनीत एचआर बघतो. ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापली जात असेल (पगार २१ हजारांपर्यंत असेल तर असते) तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं, आणि ठरावीक मोठ्या आजारांसाठी त्यापुढेही ८० टक्क्यांनी वाढीव लाभ असतो. व्हॉल्व्हचे गुंतागुंतीचे आजार आणि गुंतागुंत झालेली हृदयाची ऑपरेशनं त्या यादीत आहेत. ईएसआयच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट सलग लागतं, मध्ये गॅप पडू देऊ नका, तिथेच बहुतेकांचे क्लेम अडकतात. ब्रँच ऑफिसला फाइलची झेरॉक्स घेऊन तुम्हीच जा, त्यांना रांगेत उभं करू नका.

कामावर परत घेताना फिटनेस सर्टिफिकेटवर नुसतं "फिट" लिहून घेऊ नका. डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या: जड जॉब (मशीनवर लावायचा धातूचा तुकडा) उचलायचा नाही, सुरुवातीला अर्धी पाळी, रात्रपाळी नाही, धारदार बर (कापलेल्या धातूच्या कडेची धार) आणि कटिंगचं काम नाही. कागदावर असलं की सुपरवायझरला मानावं लागतं. आमच्याकडे असे एक जण आधी टूल रूमच्या स्टोअरला बसले, मग इन्स्पेक्शनला गेले, आता पूर्ण दिवस करतात. मात्र तोलाचं निदान होईपर्यंत मशीनजवळ अजिबात नको. ईएनटीचा रिपोर्ट आला की इथे टाका, अर्ज कसा लिहायचा ते मी सांगतो.